घरातील डायलिसिस : सल्लामसलत, निवड आणि भरवसा



शौचालयातून बाहेर पडताना अल्लाहकडे क्षमा मागावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. लहानपणी मक्तबमध्ये आपण ती दुआ पाठ केली आणि तेव्हापासून ती आपल्या जिभेवर आहे. परंतु अशा क्षणी क्षमा कशासाठी मागायची, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. विद्वानांनी त्याचे एक कारण असे सांगितले आहे : शरीरातील मलिनता विनासायास बाहेर पडणे ही इतकी मोठी देणगी आहे की तिची कृतज्ञता व्यक्त करण्यात मनुष्य नेहमीच उणा पडतो, आणि त्या उणेपणाचीच तो क्षमा मागतो.

निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लीटर द्रव गाळतात. त्यातील जवळजवळ सर्व पाणी ती शरीराला परत करतात आणि केवळ दीड-दोन लीटर लघवीच्या रूपाने बाहेर टाकतात. मुठीएवढे हे अवयव आपण झोपेत असतानाही काम करीत राहतात. अल्लाहच्या देणग्या मोजू गेलात तर त्या मोजून संपणार नाहीत, असे सूरह इब्राहीममध्ये सांगितले आहे. ज्या घरात कुणाची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, त्या घराला या वचनाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मधुमेह आणि रक्तदाब हे मूत्रपिंडे निकामी होण्याचे दोन मोठे कारण आहेत, आणि हे दोन्ही विकार आज आपल्या घराघरांत आहेत. म्हणूनच एक प्रसंग अनेक कुटुंबांवर येतो. डॉक्टर सांगतात की आता डायलिसिस सुरू करावे लागेल. मग ते विचारतात : केंद्रावर येऊन करणार की घरी? आणि घरी, तर कोणत्या प्रकारचे? अशा वेळी आपल्या हातून बहुधा तीन चुका होतात. निवड करणे म्हणजे तकदीरवरील श्रद्धा डळमळीत होणे, असे आपण मानतो. जो आजारी आहे त्यालाच आपण विचारत नाही. आणि जिच्यावर सेवेचा भार पडणार आहे तिला तर आपण केवळ कळवतो. या तीन चुकांविषयी आज काही निवेदन करावयाचे आहे.

निवड म्हणजे अविश्वास नव्हे

ह. उमर (रजि.) आपल्या खिलाफतीच्या काळात शाम देशाकडे निघाले होते. सर्ग नावाच्या ठिकाणी पोहोचल्यावर पुढे महामारी पसरल्याची बातमी त्यांना मिळाली. त्यांनी प्रथम मुहाजिरांचा सल्ला घेतला, नंतर अन्सारांचा, नंतर कुरैशांतील वडीलधाऱ्यांचा. मते भिन्न पडली. शेवटी त्यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. तेव्हा ह. अबू उबैदा (रजि.) यांनी त्यांना विचारले की, आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळून जात आहात काय? ह. उमर (रजि.) यांनी उत्तर दिले की, होय, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. मग त्यांनी एक दाखला दिला. तुमचे उंट एका अशा खोऱ्यात उतरले की ज्याची एक बाजू हिरवीगार आणि दुसरी ओसाड आहे, तर तुम्ही त्यांना हिरव्या बाजूला चारलेत तरी ती अल्लाहचीच तकदीर आणि ओसाड बाजूला चारलेत तरी ती अल्लाहचीच तकदीर. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत हा प्रसंग आलेला आहे.

बंधूंनो, या प्रसंगातील दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली ही की दोन्ही बाजू अल्लाहच्याच असल्या तरी हिरवी बाजू कोणती, हे पाहण्याची जबाबदारी उंटवाल्याची आहे. दुसरी ही की ह. उमर (रजि.) यांच्यासारख्या खलिफानेही एकदा विचारून थांबण्याऐवजी तीन वेळा वेगवेगळ्या लोकांना विचारले. तेव्हा मूत्रपिंडरोगतज्ज्ञाला चार प्रश्न विचारणे, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे, आधीपासून डायलिसिसवर असलेल्या एखाद्या रुग्णाची भेट घेणे, यांत श्रद्धेला बाधा आणणारे काहीही नाही. भरवसा अल्लाहवर ठेवायचा असतो, आणि उंटही बांधायचा असतो.

तीन वाटा

आता त्या खोऱ्याच्या बाजू नीट पाहू. घरी करावयाच्या डायलिसिसचे मुख्यतः तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार पेरिटोनियल डायलिसिसचा, जो हाताने केला जातो. त्याला सी.ए.पी.डी. म्हणतात. आपल्या पोटातील आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो आणि त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. या पद्धतीत तो पडदाच गाळणीचे काम करतो. लहानशी शस्त्रक्रिया करून पोटात एक मऊ नळी बसवितात. ती जागा भरून येण्यास साधारण दोन आठवडे देतात. मग त्या नळीतून सुमारे दोन लीटर औषधी द्रव पोटात सोडायचा, चार ते सहा तास तो आत राहू द्यायचा आणि नंतर काढून टाकून नवा भरायचा. एका अदलाबदलीला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसातून बहुधा चार वेळा हे करावे लागते. यासाठी वीज लागत नाही आणि सुईही टोचावी लागत नाही.

दुसरा प्रकार तोच, परंतु यंत्राच्या साहाय्याने. त्याला ए.पी.डी. म्हणतात. रात्री झोपताना नळी यंत्राला जोडायची. आठ-दहा तास यंत्र स्वतःच द्रव भरते आणि काढते. सकाळी नळी सोडविली की दिवस मोकळा. काही रुग्णांना दिवसाही पोटात द्रव ठेवावा लागतो. नोकरी-धंदा करणाऱ्याला, शाळेत जाणाऱ्या मुलाला हे सोयीचे पडते. परंतु यंत्राचा खर्च आहे आणि रात्रभर खात्रीची वीज हवी.

तिसरा प्रकार घरातील हिमोडायलिसिसचा. यात हाताची धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून ‘फिस्टुला’ तयार करतात. तो वापरण्याजोगा होण्यास काही आठवडे, कधी काही महिने लागतात. मग दोन सुयांच्या मार्गाने रक्त यंत्रात नेऊन, शुद्ध करून परत शरीरात सोडले जाते. यासाठी यंत्र हवे, वीज हवी, सांडपाण्याची सोय हवी आणि विशेष शुद्ध केलेले पाणी हवे. चार तासांच्या एका फेरीत सुमारे १२० लीटर शुद्ध पाणी यंत्रातून जाते. सुई निसटली तर रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून शिकलेला माणूस जवळ असावा लागतो. आपल्याकडे ही सोय मुख्यतः मोठ्या शहरांत, तंत्रज्ञ घरी बोलावून केली जाते.

यांपैकी कोणताही प्रकार सर्वांसाठी उत्तम किंवा सर्वांसाठी वाईट नाही. पेरिटोनियल डायलिसिसमध्ये शरीर हळूहळू आणि सतत शुद्ध होत राहते, त्यामुळे हृदय दुर्बल असलेल्यांना ते पुष्कळदा अधिक सोसते. जी थोडीफार लघवी होत असते ती अधिक काळ टिकते, आणि खाण्यापिण्यावरील बंधनेही थोडी सैल असतात. दुसरीकडे, त्या द्रवात साखर असते. ती रक्तात शोषली जाते, म्हणून मधुमेही रुग्णाच्या औषधांचे प्रमाण बदलावे लागू शकते. शरीरातील प्रथिनेही त्या द्रवाबरोबर निघून जातात, म्हणून अंडी, मासे, डाळ यांचे प्रमाण आहारतज्ज्ञाला विचारून ठरवावे लागते. ज्यांच्या पोटावर पूर्वी मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत किंवा ज्यांना हर्निया आहे, त्यांना हा मार्ग प्रत्येक वेळी उपलब्ध नसतो. आणि एकदा केलेली निवड कायमची नसते. काही वर्षांनी एका प्रकारावरून दुसऱ्यावर जावे लागते, ज्यांना शक्य आहे त्यांच्यासाठी मूत्रपिंड प्रत्यारोपणाची वाटही आहे. म्हणून निवड चुकेल या भीतीने निवडच न करणे, हे शहाणपण नाही.

एक घर डोळ्यांसमोर आणा

समजा, कोकणातील खाडीकाठच्या एका गावात एक कुटुंब आहे. वडील साठीच्या पुढे गेलेले आहेत आणि त्यांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. मुलगा कुवेतमध्ये नोकरीला आहे. घरात आई आहे, सूनबाई आहे आणि तिची दोन लहान मुले आहेत. डायलिसिसचे केंद्र दोन तासांच्या अंतरावर आहे आणि आठवड्यातून तीन वेळा तेथे जायचे आहे. पावसाळ्यात रस्ता बंद पडतो, वीज तर दिवसदिवस नसते. अशा घराला घरातील हिमोडायलिसिस जवळजवळ अशक्य आणि रात्रीचे यंत्र बेभरवशाचे. हाताने करावयाचे पेरिटोनियल डायलिसिस मात्र त्यांच्या परिस्थितीस मानवणारे आहे.

मुलगा आणि काका फोनवर बोलतात आणि तसे ठरवूनही टाकतात. निर्णय योग्य आहे, हेतूही चांगला आहे. परंतु अब्बांना शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कळते की आपल्या पोटात नळी बसणार आहे. आणि सूनबाईला खोकी दारात उतरतात तेव्हा कळते. दिवसाला चार पिशव्या म्हणजे महिन्याला १२० पिशव्या, म्हणजे २४० लीटर द्रव. तो ठेवायला कोरडी, स्वच्छ जागा लागते, आणि ती मुलांची झोपण्याची खोली आहे.

अशी घरे आपल्या समाजात विरळ नाहीत. येथे अधर्म कुठे झाला, असे कुणी विचारील. पुढील दोन प्रसंग वाचा आणि आपणच ठरवा.

आजारी माणसाला विचारले होते काय?

प्रेषित (स.) यांच्या अखेरच्या आजारपणात घरातील माणसांनी त्यांच्या तोंडात एक औषध घातले. ते घालू नका, असे प्रेषित (स.) खुणेने सांगत होते. घरच्यांना वाटले की आजारी माणसाला औषधाचा कंटाळा असतोच, हे तसेच असेल. शुद्धीवर आल्यावर प्रेषित (स.) यांनी नापसंती व्यक्त केली आणि मी तुम्हाला मनाई केली नव्हती काय, असे विचारले. ह. आयशा (रजि.) यांनी हा प्रसंग कथन केला असून तो बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे.

बंधू-भगिनींनो, त्या घरातील माणसांहून अधिक प्रेम करणारी माणसे या भूतलावर कोण असतील? तरीही आजारी माणसाच्या नकाराला आजारपणाचा कंटाळा समजणे, ही त्यांची चूक मानली गेली. मग आपण अब्बांना, अम्मीला, आजोबांना न विचारता त्यांच्या शरीराविषयी निर्णय घेतो तेव्हा आपल्या प्रेमाची ढाल आपल्याला किती उपयोगी पडेल? काही वृद्धांना घरात राहण्यातच सुख वाटते. काहींना उलट वाटते. पोटातील नळी त्यांना नको असते; केंद्रावर जावे, तेथे चार माणसे भेटतील, घरात आजाराची सावली नको, असे त्यांचे म्हणणे असते. दोन्ही इच्छा आदरास पात्र आहेत. त्यांना बसवून, सर्व प्रकार समजतील अशा भाषेत सांगावे, शक्य झाल्यास प्रत्यक्ष दाखवावे आणि मग त्यांचे उत्तर ऐकावे. ज्याचे हात स्थिर आहेत आणि नजर चांगली आहे असा रुग्ण पिशवी स्वतःच बदलू शकतो, आणि पुष्कळांना त्यातच आपला मान राखला गेल्यासारखा वाटतो.

विचारण्याचे महत्त्व आणखी एका प्रसंगातून कळते. एका प्रवासात एका सहाबींच्या डोक्याला जखम झाली होती आणि त्यांना गुस्ल करणे आवश्यक झाले. तयम्मुमची सवलत मिळेल काय, असे त्यांनी विचारले. सोबत्यांनी पुरेशा ज्ञानाविना नाही म्हणून सांगितले. त्यांनी स्नान केले आणि त्यात त्यांचा अंत झाला. हे कळल्यावर प्रेषित (स.) अत्यंत संतप्त झाले. माहीत नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानाचा इलाज विचारण्यातच आहे, अशा आशयाचे त्यांचे बोल अबू दाऊदच्या संग्रहात आहेत. अपुऱ्या माहितीवर दिलेला धार्मिक सल्ला आणि अपुऱ्या माहितीवर दिलेला वैद्यकीय सल्ला, दोन्ही जीवघेणे ठरू शकतात. अमक्याला पोटातल्या डायलिसिसने जंतुसंसर्ग झाला, तमक्याचे यंत्रावर बसल्यावर वर्षात बरेवाईट झाले, असे नात्यागोत्यात बसून बोलणाऱ्यांनी ही हदीस लक्षात ठेवावी.

सेवेचा भार कुणावर?

आता सूनबाईकडे वळू. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत तान्ह्या बाळाचे दूध सोडविण्याविषयी मार्गदर्शन आहे. तेथे अट अशी घातली आहे की आईवडिलांनी परस्पर संमतीने आणि सल्लामसलतीने ते ठरवावे. आणि मुलामुळे ना आईला त्रास दिला जावा, ना बापाला. थोडा विचार करा. बाळाचे दूध सोडविणे ही किती घरगुती बाब आहे! तीही अल्लाहने एकट्याच्या मर्जीवर सोपविलेली नाही. मग दिवसातून चार वेळा, वर्षाचे ३६५ दिवस, सणवार आणि आजारपण न पाहता करावयाची सेवा एखाद्या स्त्रीवर तिला न विचारता कशी सोपविता येईल?

वृद्ध मातापित्यांची सेवा हे अपत्याचे कर्तव्य आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये त्यांच्यापुढे ‘उफ्’सुद्धा काढू नका, अशी आज्ञा मुलाला आणि मुलीला आहे. सासूसासऱ्यांची सेवा ही सुनेची शरई जबाबदारी नाही, हे आपल्या विद्वानांनी वारंवार सांगितलेले आहे. ती सेवा करते तेव्हा तो तिचा उपकार असतो, आणि उपकाराची परतफेड कृतज्ञतेने व सहकार्याने करायची असते. कुवेतमधून पैसे पाठविले म्हणजे पुत्रधर्म पूर्ण झाला, असे समजणाऱ्या बंधूंनी रजा काढून प्रशिक्षणाच्या काळात घरी यावे, पिशवी बदलणे स्वतः शिकावे. मुंबईतल्या बहिणीने वर्षातून दोनदा येऊन पंधरा-पंधरा दिवस ही सेवा आपल्या हाती घ्यावी. काकांनी संध्याकाळची एक पिशवी बदलण्याचे काम पत्करावे. घरातील किमान दोन माणसे शिकलेली असावीत, असा आग्रह धरा. एकटी स्त्री थकली की तिचे हात धुणे घाईचे होते, आणि या उपचारात घाई म्हणजे जंतुसंसर्ग.

स्वच्छता येथे अक्षरशः ईमानाचा भाग होते. झोपेतून उठल्यावर हात धुतल्याशिवाय पाण्याच्या भांड्यात घालू नये, कारण रात्री आपला हात कुठे होता हे माणसाला ठाऊक नसते, ही प्रेषित (स.) यांची शिकवण आपण जाणतोच. परंतु येथे एक सावधगिरी हवी : वुजू केला म्हणजे हात पिशवी जोडण्यास तयार झाले, असे समजू नका. शिकविल्याप्रमाणे साबणाने धुवा आणि स्वच्छ कापडाने किंवा कागदाने पूर्ण कोरडे करा. ओल्या हातांवर जंतू सहज पसरतात. तोंडावर मास्क लावा. खिडकी बंद, पंखा बंद. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला, पोट दुखू लागले किंवा ताप आला, तर उद्याची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयाशी संपर्क साधा आणि ती पिशवी सोबत न्या.

इबादतीचे प्रश्न

उपचाराची निवड करताना नमाज आणि रोजाचा विचार करणे योग्यच आहे. पोटात द्रव असताना नमाज अदा करण्यास अडचण नाही. पिशवी बदलण्याच्या वेळा फजर, जुहर, मगरिब आणि इशानंतर बसविता येतात, आणि दिवस नमाजभोवती आपोआप बांधला जातो. सज्द्यात पोटावर दाब येत असेल आणि डॉक्टरांनी वाकण्यास मनाई केली असेल, तर बसून इशाऱ्याने नमाज अदा करावी. उभे राहून, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर, अशी सवलत प्रेषित (स.) यांनी ह. इमरान बिन हुसैन (रजि.) यांना आजारपणात दिली होती. फिस्टुलाच्या हातावर पट्टी असेल तर ती सोडू नका. वुजू करताना पट्टीवरून ओला हात फिरविण्याची परवानगी आहे.

रक्त निघाल्याने वुजू मोडतो किंवा नाही, याबाबत हनफी आणि शाफई मतांत फरक आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत आणि घाटावरील बहुसंख्य हनफी, म्हणून शेजाऱ्याचे पाहून न ठरविता आपापल्या मस्लकच्या जाणकार आलिमला विचारावे. हिमोडायलिसिसची वेळ निश्चित करताना अस्र आणि जुमा चुकणार नाही, अशी विनंती आधीच करावी.

रोजाविषयी अल्लाहने आजारी माणसास स्वतःच सवलत दिलेली आहे. पेरिटोनियल डायलिसिसच्या द्रवातील साखर रक्तात जात असल्याने त्याने रोजा तुटतो, असे अनेक विद्वानांचे मत आहे. ज्याचा आजार बरा होण्याची आशा नाही त्याने प्रत्येक रोजाबद्दल एका गरजूस जेवण देऊन फिदिया द्यावा. रोजासाठी पिशवी चुकविणे ही परहेजगारी नव्हे. ज्याने आदेश दिला त्यानेच सवलत दिली आहे, आणि त्याची सवलत स्वीकारणे हीसुद्धा त्याची आज्ञाधारकताच आहे.

एक शंका काही घरांत दबक्या आवाजात विचारली जाते, म्हणून ती स्पष्टच मांडतो. हिमोडायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात, आणि जगभर वापरले जाणारे बहुतांश हेपारिन डुकराच्या आतड्याच्या आवरणापासून बनते. जीव वाचविण्यासाठी अन्य योग्य पर्याय नसताना निषिद्ध वस्तूची सवलत कुरआनने स्वतः दिलेली आहे, आणि त्या आधारे विद्वानांनी अशा औषधास परवानगी दिली आहे. आपल्याला दुसरा पर्याय चालेल काय, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. परंतु या कारणाने उपचार थांबवू नये.

जमाअतीचे कर्तव्य

हा भार एका घराने एकट्याने वाहायचा नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला आणि २०१९ मध्ये पेरिटोनियल डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना दिल्या. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. कोणत्या प्रकाराचा किती खर्च मिळेल, हे त्याला निवड करण्यापूर्वी विचारा, नंतर नव्हे. मोहल्ल्यातील एखाद्या शिकलेल्या तरुणाने ही कागदपत्रे करून देण्याचे काम अंगावर घेतले तर ती फार मोठी इबादत होईल. गरजू रुग्णास जकात देता येते. ती त्याच्या हाती मालकीने द्यावी आणि जाहीर करून त्याची मान खाली घालू नये.

आजाऱ्याला भेटायला गेला नाहीस, असा प्रश्न कयामतच्या दिवशी अल्लाह बंद्याला करील, हे हदीसमध्ये आले आहे. म्हणून भेटीला अवश्य जा. परंतु पिशवी बदलण्याच्या वेळी खोलीत गर्दी करू नका. आणि आपल्याकडील रीतीप्रमाणे शहाळे, खजूर किंवा फळांची करंडी नेऊ नका. त्यांतील पोटॅशियम कित्येक डायलिसिसच्या रुग्णांना घातक ठरते. न्यायचेच असेल तर सूनबाईच्या वाटणीचे एक काम हलके करून या. तिच्या मुलांना तासभर सांभाळलेत तरी पुरे.

आणि शेवटी इस्तिखारा. इस्तिखारा म्हणजे स्वप्नाची वाट पाहणे नव्हे. सर्व माहिती घेऊन, सर्वांना विचारून झाल्यावर दोन रकअत नमाज पढून, यात भलाई असेल तर ते सोपे कर आणि नसेल तर ते आमच्यापासून दूर कर, असे अल्लाहकडे मागणे म्हणजे इस्तिखारा. रुग्णाने तो स्वतः करावा. सूरह आले-इमरानमध्ये प्रेषित (स.) यांना आधी सल्लामसलतीची, मग निश्चयाची आणि त्यानंतर अल्लाहवर भरवसा ठेवण्याची आज्ञा आहे. हा क्रम आपण उलटा करतो आणि भरवशाच्या नावाखाली पहिल्या दोन्ही पायऱ्या गाळून टाकतो.

तेव्हा आज ज्यांच्या घरात हा प्रश्न उभा आहे त्यांनी इशानंतर सर्वांना एकत्र बसवावे. आधी अब्बांना बोलू द्यावे. मग सूनबाईला. मग स्वतः बोलावे.

हे अल्लाह, आमच्या आजाऱ्यांना शिफा दे, त्यांची सेवा करणाऱ्यांच्या हातांना बळ आणि मनाला समाधान दे, आणि आमच्या घरांना एकमेकांना विचारणारी घरे बनव. आमीन.